मोजा

डॉक्टर म्हणाले होते, चाला.
पळायचं मीच ठरवलं.
चालताना मी मनातल्या मनात
वृंदावहिनीशी भांडत असते,
आणि पळताना
भांडायला श्वास पुरत नाही.

ऑक्टोबरात सोपं होतं.
दोन खांब पळायचे, एक खांब चालायचं.
मखमलाबाद रस्त्याचे विजेचे खांब
कुणी माझ्यासाठीच रोवलेत असं वाटायचं.
बँकेत अठ्ठावीस वर्षं लोकांच्या रकमा मोजल्या,
हे खांब तेवढे माझे.

मग जानेवारी आला.
निफाड साडेचारवर, पेपरात पहिल्या पानावर.
आमच्या गच्चीवर सहा.
गीझर खोकायला लागला,
खोबरेल तेलाची बाटली दगड झाली,
आणि अंथरुणात एक आवाज म्हणाला,
आज राहू दे.
आवाज माझाच होता, म्हणून ऐकला नाही.

पावणेसहा.
लेकाचा कॉलेजातला स्वेटर, कोपरात उसवलेला,
वर माकडटोपी,
हातमोजे कधी घेतलेच नव्हते
म्हणून हातांत पायमोजे.
वॉचमन मुरकुटे शेकोटीवरून मान वर करून:
"मॅडम, कुणी गेलं का?"
"नाही हो, मीच निघालेय."
म्हणून झाल्यावर कळलं काय म्हणाले ते.
तो हसला नाही. थंडीच तशी होती.

पहिला श्वास नाकात सुईसारखा.
दुसरा छातीच्या दाराशी अडून
कोण, कुठले, विचारत राहिला.
दात शिवशिवले. कान तर टोपीच्या आतही
कुणा दुसऱ्याचेच.
चामरलेण्यांचा डोंगर जागेवर नव्हता,
पुढचा खांबही नव्हता,
तो मी पोचल्यावर उगवायचा.
पाच. सहा. सात.
नव्या बुटांचा आवाज एवढा मोठा
की कुत्रीसुद्धा पोत्यावरून उठली नाहीत,
नुसती एक डोळा उघडून, कोण ही बाई.

अकराव्या खांबापाशी धूर.
धुक्याहून काळा, खाली बसलेला.
द्राक्षबागेत ओळीओळीनं शेकोट्या,
आणि त्यांच्यामधून एक बाई पळत होती.
प्लॅस्टिकच्या चपला, कमरेला खोचलेला पदर,
काखेत पाचटाचा भारा.
एका शेकोटीवरून दुसरीवर,
विझली की फुंकर, पेटली की पुढची.
रात्री तीनपासून, म्हणाली.
नाव उज्ज्वला. डोळे लाल, धुरानं.
माझ्या डोळ्यांतही पाणी होतं, वाऱ्यानं.

"मावशी, तुम्ही कशापायी पळता?"
"शुगर आहे गं मला. उतरवायची म्हणून."
ती थांबली. मग एवढी हसली
की हातातला भारा सुटला.
"आमच्या मण्यांत शुगर भरंना
या गारठ्यात, म्हणून मी पळतेय.
तुमची इकडं द्या की थोडी."

मी मोजे काढून हात पुढे धरले.
बोटं आधी दुखली, मग माझी झाली.
तिनं एक मणी तोडून दिला,
हिरवा, कडक, बर्फाच्या खड्यासारखा.
इतका आंबट
की डोळे आपोआप मिटले
आणि वृंदावहिनीचा चेहरा दिसला, का कोण जाणे,
आणि मलाही हसू आलं.

उभं राहिलं की घाम गार पडतो,
हे मला अजून नवीन आहे.
पाठीत थंडी उतरली तशी निघाले.
ती तिच्या ओळीत, मी माझ्या रस्त्यावर,
थोडा वेळ दोघींच्याही पावलांचा आवाज,
मग नुसता माझाच.

चालायचा खांब कधी आला, कळलं नाही.
पुढचाही. त्याच्या पुढचाही.
परत वळले तेव्हा डोंगर जागेवर आला होता,
खालून अर्धा.

घरी जिन्यात पाहते,
एका हातात मोजा,
दुसरा हात उघडा, लालभडक.
म्हणजे तो तिच्या शेकोटीशी राहिला.

आणि आजचे खांब?
मोजायचे राहिले.
उद्या जाऊन आणायला हवा.
मोजा, म्हणतेय मी.